सुमित्रा भावे यांचे चित्रपट आणि निवेदकाची वाणी

क्षेत्रकार्यात टिपलेले बोलणे अहवालात उतरते तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न भाषाभ्यासकास अपरिचित नाही. हेल, मधले थांबणे, अर्धवट सोडलेले क्रियापद ही सारी गळून पडतात. उरते ती केवळ माहिती. श्रीमती सुमित्रा भावे (१९४३–२०२१) या चित्रपटाकडे वळल्या त्या याच अडचणीतून, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

भावे या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले. पुढे 'स्त्री-वाणी' या प्रकल्पात त्यांनी वस्तीतील स्त्रियांच्या जीवनकथा त्यांच्याच तोंडून ऐकल्या. आठ दलित स्त्रियांची आत्मनिवेदने गेल ऑम्व्हेट यांच्या इंग्रजी अनुवादाने १९८८ साली ग्रंथरूप झाली. परंतु ग्रंथ वाचणार कोण? ज्यांचे बोलणे त्यात होते त्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. 'बाई' (१९८५) हा लघुपट या कोंडीवरील उत्तर होय. चित्रपटकलेचे रीतसर शिक्षण नसताना केलेल्या या पहिल्याच कृतीस राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यानंतर सुनील सुकथनकर यांच्यासह 'दोघी' (१९९५), 'वास्तुपुरुष', 'देवराई' असे चित्रपट झाले. 'कासव'ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्याच्या निर्मितीत मोहन आगाशे यांच्यासह हे दिग्दर्शकद्वय स्वतःच सहभागी होते.

भाषेच्या दृष्टीने मात्र 'अस्तु' (२०१३) सर्वांत विचारणीय. येथे संस्कृतचा एक व्यासंगी पंडित स्मृतिभ्रंशाने ग्रस्त होतो, रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे निघून जातो व माहुताच्या कुटुंबात जाऊन पोहोचतो. माहुताची पत्नी चन्नम्मा कानडी वळणाची मराठी बोलते. पंडिताची शास्त्रसंपन्न भाषा विरत असताना या बाईची व्याकरणदृष्ट्या 'अशुद्ध' वाणी त्याच्यापर्यंत निर्वेध पोहोचते. तिच्यात त्याला आई दिसू लागते. भाषा ही आधी संबंध व मग संकेतव्यवस्था, हे पाठ्यपुस्तकांतून आपण शिकवतो खरे, पण इतक्या थेटपणे नव्हे! या चित्रपटाच्या संवादलेखनाबद्दल भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यांची पात्रे क्वचित समुपदेशकाप्रमाणे समजावून सांगू लागतात, हा आक्षेप मान्य करावा लागेल. समाजकार्याच्या वर्गाची सवय सुटत नसावी. 'दिठी'त ती सुटली आहे. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरील हा चित्रपट भावे यांनी एकटीने दिग्दर्शित केला. देहूची पालखी ज्यांच्या आकुर्डी-पिंपरीच्या रस्त्याने दरसाल जाते, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी तो आवर्जून पाहावा. वर्षानुवर्षे वारी करणाऱ्या रामजी लोहाराचा तरुण मुलगा पुरात जातो, आणि पोथीतील मुखोद्गत शब्द एकाएकी त्याला निरर्थक होतात. मग पावसाच्या रात्री अडलेल्या गाईसाठी त्याला बोलावणे येते. तेथे बोलणे थोडे आहे. हातच काम करतात. १९ एप्रिल २०२१ रोजी भावे निवर्तल्या. 'दिठी' त्यानंतर महिन्याभराने प्रेक्षकांसमोर आला.