चौदा ओळी आणि चार मित्र

मुलांनो, 'इस्लाह' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. नवा शायर आपली गझल उस्तादाला दाखवतो. उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा मिसरा सरळ करतो. इक्बाल यांनी तरुणपणी आपल्या गझला दाग देहलवी यांच्याकडे डाकेने पाठवल्या होत्या. दाग तेव्हा हैदराबादेत राहत. काही काळाने दाग यांनी कळवले, की आता तुमच्या कवितेला इस्लाहची फारशी गरज नाही. पण आधी कविता दुसऱ्याच्या हाती देण्याचे धैर्य इक्बाल यांनी दाखवले, हे विसरू नका.

मराठी कवींमध्येही अशी देवाणघेवाण होती. 1923 साली पुण्यात 'रविकिरण मंडळ' स्थापन झाले. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे हे कवी त्यात होते. ते रविवारी एकत्र जमत, कविता वाचत आणि त्यांवर चर्चा करत. तिथे कोणी एक उस्ताद नव्हता. मित्रच एकमेकांचे श्रोते आणि परीक्षक होते. माधव ज्यूलियन हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी फारसी-मराठी कोश तयार केला आणि मराठीत गझला लिहिल्या.

या मंडळातील कवींनी 'सुनीत' हा काव्यप्रकारही हाताळला. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता. हा प्रकार मूळचा इटलीतला. तो इंग्रजीतून मराठीत आला. केशवसुतांनी 1892 साली मराठीत पहिले सुनीत लिहिले. सुनीतात बहुधा पहिल्या आठ ओळींत एक विचार मांडतात. पुढच्या सहा ओळींत त्याला कलाटणी देतात. मराठीत ते पुष्कळदा शार्दूलविक्रीडित वृत्तात लिहितात. या वृत्तात प्रत्येक ओळीत 19 अक्षरे असतात. बाराव्या अक्षरानंतर किंचित थांबायचे असते. तुमच्याकडे जशी बहर, तसे आमच्याकडे वृत्त.

सुनीत गंभीरच असावे असे नाही. समजा, एका मुलाने आपल्या मोडक्या छत्रीवर विनोदी सुनीत लिहिले आणि तीन मित्रांना वाचून दाखवले. त्याची पहिली ओळ अशी होती :

छत्री माझी उलटी क्षणात फिरते वाऱ्यास पाहूनिया

पहिल्या मित्राने बोटांवर अक्षरे मोजली. तो म्हणाला, "अरे, वीस झाली! एक जास्त आहे." कवीने 'माझी' काढून 'ही' घातले :

छत्री ही उलटी क्षणात फिरते वाऱ्यास पाहूनिया

आता ओळ सरळ चालू लागली.

दुसरा मित्र म्हणाला, "तिसऱ्या ओळीला मी हसलो. पण चौथी आणि पाचवी ओळ एकच गोष्ट सांगतात. तिथे माझे हसू थांबले." विनोदी कवितेची परीक्षा अशी लगेच होते. ऐकणारा शिष्टाचार म्हणून 'वाहवा' म्हणेल, पण खोटे हसणे कवीला लगेच कळते.

तिसरा मित्र शेवटच्या ओळीवर अडला. ती ओळ अशी होती :

मित्रांनी जगती सदैव करणे साहाय्य अन्योन्य ते

तो म्हणाला, "अक्षरे बरोबर आहेत. पण इतका वेळ तू छत्रीबद्दल बोलत होतास, आता एकदम उपदेश करू लागलास! छत्री कुठे गेली?" कवीला वाईट वाटले. ही ओळ त्याला सर्वांत आवडत होती. दोन दिवस त्याने वही उघडली नाही. मग पाऊस आला. एक मित्र धावत त्याच्या छत्रीखाली शिरला आणि दोघे अर्धे अर्धे भिजत घरी गेले. त्या रात्री त्याने लिहिले :

दोघांना जवळी उभे करितसे छत्री जुनी आमुची

अर्थ तोच राहिला. पण आता तो छत्रीनेच सांगितला.

मित्रांची प्रत्येक सूचना त्याने मानली असे मात्र नाही. "छत्रीऐवजी रेनकोटवर लिही," असेही एकाने सुचवले होते. कवी म्हणाला, "नको. रेनकोटात दोघे मावत नाहीत." कवितेत काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे शेवटी कवीनेच ठरवायचे असते. कारण कविता त्याची असते.

ऐकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. 'छान आहे' किंवा 'वाईट आहे' एवढेच म्हणू नये. कोणत्या ओळीवर कान अडखळला, कुठे हसू आले, कुठे अर्थ कळला नाही, हे नेमके सांगावे. दोष कवितेचा दाखवावा, कवीचा नव्हे.

आपली चूक आपल्याला सहसा दिसत नाही. आपल्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक असते, म्हणून कागदावर नसलेलेही आपण वाचतो. मित्र मात्र कागदावर आहे तेवढेच ऐकतो. तुम्हीही चार ओळी लिहा आणि एखाद्या मित्राला वाचून दाखवा. तो कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो, तिकडे लक्ष ठेवा.