तवशाचा अर्धा वाटा

जुलै उजाडला की मंडईत एखाद्या टोपलीत ती जाडजूड, फिकट हिरव्या सालीची पावसाळी काकडी दिसू लागते. पुण्यात तिला फारसं कुणी विचारत नाही. कोकणात आणि गोव्यात मात्र ती ‘तवसं’ असते आणि तिचा मान मोठा असतो. आमच्या सौभाग्यवती ते तवसं हातात घेतात, भाव विचारतात आणि पुन्हा टोपलीत ठेवून देतात. हे मी तीस वर्षं पाहत होतो आणि काही बोलत नव्हतो. त्यामागची हकिगत आज सांगतो. तिच्यात चूक सर्वस्वी माझी आहे.

१९९० साली बँकेने माझी बदली पणजीला केली. सांतिनेजमध्ये एका वयस्कर ख्रिस्ती बाईंच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या. त्यांना सगळी आळी ‘आंटी’ म्हणत असे, आम्हीही म्हणू लागलो. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. पुण्याचे डॉक्टर झाले होते, दोन्ही घरच्या मंडळींचे नवस बोलून झाले होते. मी त्या काळात कडक बुद्धिवादी होतो. डॉक्टरांची फाइल तेवढी खरी, बाकी सगळं थोतांड, असा माझा स्वच्छ हिशेब होता.

जुलैच्या अखेरीस आंटी वर आल्या आणि हिला म्हणाल्या, “बाय, आयतारा तवशांचें फेस्त. येतली मगो?”

हे फेस्त तिसवाडीतल्या तळावली गावचं. गावाची पालक संत सेंट अॅन, गोवेकरांची सांत आना. ही मेरीची आई, म्हणजे येशूची आजी. बायबलमध्ये तिचं नाव सापडत नाही, पण जुन्या ख्रिस्ती परंपरेत तिची कथा आहे. ती आणि तिचा नवरा जोआकिम यांना उतारवयापर्यंत मूल नव्हतं. बोलणी खाऊन झाली, आशा सोडून झाली आणि मग मेरी झाली. तिचा सण २६ जुलैचा. गावची जत्रा त्या सुमाराच्या रविवारी भरते. ज्यांना मूल हवं ती जोडपी तिला तवसं वाहतात.

तवसंच का, हेही आंटींनी सांगितलं. पोर्तुगीज भाषेत काकडीला ‘पेपिनो’ म्हणतात आणि लहान मुलाला ‘मेनिनो’. यमक जुळलं, नवस ठरला! ज्याला बायको हवी त्याने चमचा द्यायचा, कारण चमचा म्हणजे ‘कुल्येर’ आणि बायको म्हणजे ‘मुल्येर’. जिला नवरा हवा तिने उडीद वाहायचे, कारण नवरा म्हणजे ‘मारिदो’.

मला हसू आवरेना. “आमच्या बँकेत तारण बघून कर्ज देतात. इथे यमक बघून मंजूर करतात वाटतं!” असं मी म्हणालो. आंटीही हसल्या. ही हसली नाही.

रविवारी त्या दोघी भर पावसात बसने गेल्या. मी घरी पेपर वाचत बसलो.

संध्याकाळी ही परतली ती भिजलेली, पण कितीतरी दिवसांनी चेहरा उजळलेला. हिरव्या शेतांमधलं ते पांढरंशुभ्र चर्च, वेदीपाशी रचलेला तवशांचा ढीग, बाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, सगळं ती सांगत राहिली. फराळाच्या दुकानांत चण्यांचे ढीग होते, लाडू होते आणि आल्याचा ठसका असलेलं गुळाचं खाजं होतं. त्या खाज्याची पुडी तिने पदराखाली सांभाळून आणली होती. रांगेत तिच्यापुढे ठसठशीत कुंकवाची एक बाई होती. नवऱ्याचा हात धरून उभी होती.

मग तिने पिशवीतून एक तवसं काढलं. दोन वाहिली होती, त्यातलं एक आशीर्वाद होऊन परत मिळालं होतं. आंटींनी बजावलं होतं, दोघांनी अर्धं अर्धं खायचं. तिने ते चिरलं, माझा वाटा ताटलीत घालून पुढे केला.

“नको,” मी म्हणालो, “मला काकडीने सर्दी होते.”

ती काही बोलली नाही. आपला वाटा तिने खाल्ला, माझा झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी बँकेतून आलो तर घरभर गुळाचा आणि हळदीच्या पानांचा वास. उरलेलं तवसं किसून, त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून तिने तवसळी उकडली होती आणि खाली आळीतल्या पोरांना वाटत होती.

आम्हाला मूल झालं नाही. मी तवसं खाल्लं असतं तर झालं असतं, असं मी आजही म्हणणार नाही. दोनेक वर्षांनी मुंबईच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. दोष माझ्यात होता. फाइल बंद झाली. पण माझ्या डोळ्यांपुढून ती रांग गेली नाही. कुंकवाच्या बाईचा नवरा तिथे उभा होता आणि माझी बायको एका परक्या म्हातारीबरोबर.

वय वाढलं तसं एक ध्यानात आलं. आपल्याकडे सुवासिनीच्या ओटीत नारळ घालतात तेव्हा तो नारळ काय करील, हे कोण विचारतं? गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, तिच्यातही रानफळांबरोबर हेच तवसं टांगलेलं असतं. देव कुठलाही असो, पावसाने दिलेलं पहिलं त्याच्यापुढे न्यायचं आणि घरी आणून वाटून खायचं. त्यातलं मागणं देवाकडे असेल, पण वाटा माणसांचा असतो. आपला वाटा नाकारणाऱ्याने देवाला नाही म्हटलेलं नसतं, पुढ्यात बसलेल्या माणसाला म्हटलेलं असतं.

२०२३च्या जुलैत मीच तिला म्हणालो, “तळावलीला जाऊ या?” तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली.

१६८१ ते १६९५ अशी चौदा वर्षं या चर्चचं बांधकाम चाललं होतं. दोन उंच बुरुजांमधलं ते भव्य दर्शन मी पहिल्यांदाच पाहत होतो. हातात काठी घेतलेली एक म्हातारी टेकडीवरून उतरून आली आणि ‘मी इथेच राहणार’ म्हणाली, अशी गावची कथा आहे. रांगेत तरुण जोडपी होती. काहींच्या कडेवर मूल होतं, ती नवस फेडायला आलेली. ख्रिस्ती होती तशी हिंदूही होती. खाज्याची दुकानं तशीच होती. या खाज्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

टोपलीवाल्या बाईने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून मायेने विचारलं, “सुनेखातीर?”

माझ्या छातीत धस्स झालं. ही मात्र सहज म्हणाली, “नाही हो, आम्हालाच खायला.”

आम्ही दोन तवशी घेतली. एक वेदीपाशी ठेवलं. तिथे काय मागायचं ते मला सुचलं नाही. तिने काय मागितलं ते मी विचारलं नाही. बाहेर पावसाने जरा उघडीप दिली होती. एका कठड्यावर बसून तिने पर्समधली छोटी सुरी काढली, दुसरं तवसं उभं चिरलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.

मी खाल्लं. मीठ नव्हतं, देठाकडे जरा कडसर निघालं, तरी शेवटपर्यंत खाल्लं. ती आपला वाटा खात समोरच्या शेतांकडे पाहत होती. मग हात पुसता पुसता म्हणाली,

“आता सर्दी झाली तर मला सांगू नका हं.”