आचारी, आचार्य आणि हर्फबझ

श्रोतेहो, लग्नघरातून 'आचाऱ्यांना बोलवा' असा निरोप गेला तर स्वयंपाक करणारे येतात. 'आचार्यांना बोलवा' असा गेला तर विद्वान येऊन बसतात आणि पंगत उपाशी राहते. फरक एवढाच की पहिल्या शब्दात चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे, दुसऱ्यात डोक्यावर रफार. रेडिओवर मी तो दाखवू शकत नाही, पण तुमच्या कानांना तो कळला असेल.

2017 च्या पावसाळ्यात माझ्या कवितासंग्रहाचे पहिले प्रूफ हाती आले, तेव्हा हा फरक मला चांगलाच कळला. छपाईच्या संगणकावर अक्षरे तुटली होती. ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या आधी यायच्या त्या नंतर आल्या होत्या. तुटलेली अक्षरे कुणीतरी हाताने जोडताना चंद्रकोर काढून रफार दिला, आणि अजिंठ्याच्या 'दऱ्या' होत्या त्यांचा 'दर्या' झाला. जामनेरहून अजिंठ्याचे डोंगर जवळ आहेत; समुद्र मात्र माझ्या कवितेत कुठेच नव्हता.

संगणक शिकणारा माझा भाचा म्हणाला, "मामू, पुस्तकाची पाने लावायला स्क्रायबस नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्याच्या नव्या आवृत्तीत मराठी नीट जुळते. पण ती आपल्याला कम्पाइल करावी लागेल." मी साधा बी. ए. झालेला माणूस. म्हटले, आधी समजावून सांग.

प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर माणसाला वाचता येतो, पण यंत्राला तो तसाच चालवता येत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे म्हणजे कम्पाइल करणे. आणि कोणताही मोठा प्रोग्राम सगळी कामे स्वतः करत नाही. लग्नातला आचारी हातातली कला घेऊन येतो. भांडी भाड्याची असतात, मंडप दुसऱ्याचा, जनरेटर तिसऱ्याचा. तसाच प्रोग्रामही इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग वापरतो. त्यांना लायब्ररी म्हणतात. ज्या लायब्ररींवाचून त्याचे अडते, त्या त्याच्या डिपेंडन्सी. शिवाय जनरेटरला डिझेल लागते, तशा या लायब्ररींनाही आणखी लायब्ररी लागतात.

स्क्रायबस मूळ फ्रान्झ श्मिड यांनी लिहिला. त्यातल्या खिडक्या आणि बटणे क्यूटी ही नॉर्वेत जन्मलेली लायब्ररी काढते. अक्षरांच्या कडा फ्रीटाइप रेखाटते. पण 'र, हलन्त, य' ही चिन्हे एकापाठोपाठ आली तर कोणता आकार निवडायचा, वेलांटी कुठे ठेवायची, हे ठरवणारी लायब्ररी वेगळी. तिचे नाव हर्फबझ. नाव ऐकून मी चमकलोच. आमच्या घरातल्या उर्दूत हर्फ म्हणजे अक्षर. पतंगबाज असतो तसा हा अक्षरांचा शौकीन असेल, असे मला वाटले. पण ते मूळ फारसी आहे आणि त्यात बाज म्हणजे खुला. 'ओपनटाइप' या फॉन्टच्या प्रकाराचे ते भाषांतर. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फहबोद हे तिचे प्रमुख कर्ते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड या सगळ्यांत ती आहे. मोबाइलवर तुम्ही मराठी वाचता तेव्हा बहुधा तिनेच अक्षरे जुळवलेली असतात. स्क्रायबसमध्ये ती आली 2017 च्या 1.5.3 या आवृत्तीत, आणि त्यासाठी ओमानमधील प्रोग्रामरांनी मेहनत घेतली. त्यांना अरबी हवी होती; फळ देवनागरीलाही मिळाले.

भाच्याने काम सुरू केले आणि पहिल्याच पायरीवर यंत्र म्हणाले, हर्फबझ सापडत नाही. गंमत म्हणजे ती संगणकात होती! मग कळले की प्रोग्राम चालवायला लायब्ररी पुरते. कम्पाइल करताना मात्र तिच्या हेडर फायलीही लागतात. लायब्ररी कोणती कामे करते आणि ती कशी सांगायची, याची ती यादी. लिनक्सवर ही यादी बऱ्याचदा वेगळ्या पुडीत मिळते. ती बसवली आणि गाडी पुढे सरकली.

दुसरी अडचण आवृत्तीची. पातेले नवे आणले की जुने झाकण बसेलच असे नाही. पीडीएफ वाचणारी पॉप्लर नावाची लायब्ररी आहे. तिचा आतला भाग वापरणारे प्रोग्राम तिची नवी आवृत्ती आली की कधी कधी कम्पाइलच होत नाहीत. म्हणून सर्वांत नवी लायब्ररी हीच सर्वांत चांगली असे समजू नये. प्रोग्रामने मागितलेली आवृत्ती घ्यावी. काही लायब्ररी ऐच्छिक असतात. त्या नसल्या तर प्रोग्राम तयार होतो, पण त्यातली एखादी सोय गुपचूप गळते. यंत्राने शेवटी दिलेला गोषवारा वाचायचा तो त्यासाठीच.

आता वेगवेगळ्या संगणकांचे. आमची पाचोरा-जामनेर पीजे 2020 पर्यंत धावत होती. रुंद रुळांवरून आलेला प्रवासी पाचोऱ्याला उतरून अरुंद रुळांच्या गाडीत बसायचा. प्रवासी तोच, डबा वेगळा. तसा मूळ मजकूर एकच असला तरी लिनक्स, विंडोज आणि मॅकसाठी तो वेगवेगळा कम्पाइल करावा लागतो. लिनक्सवर बहुतेक लायब्ररी गावातल्या सामायिक भांड्यांसारख्या सर्वांच्या असतात. विंडोजवर आणि मॅकवर प्रोग्रामला आपली बरीचशी भांडी सोबत न्यावी लागतात. भाच्याने हौसेने विंडोजसाठीही प्रोग्राम तयार केला, पण मित्राकडे नेताना फक्त मुख्य फाइल नेली. तिथे तो उघडलाच नाही, कारण डीएलएल म्हणजे सोबतच्या लायब्ररी घरीच राहिल्या होत्या. शिदोरी विसरून प्रवासाला निघाल्यासारखे झाले.

शेवटी पुस्तक लागले. दऱ्या दऱ्याच राहिल्या. त्या दिवशी भाच्याने एका कागदावर प्रत्येक लायब्ररीचे नाव आणि आवृत्तीचा आकडा लिहिला. तो कागद मी हस्तलिखितासोबत ठेवला आहे. पुढे कधी दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली तर तोच उपयोगी पडेल.

कवी समजतो की शब्द त्याचे एकट्याचे आहेत. पण माझा एक अर्धा र कागदावर उतरावा म्हणून कुठकुठल्या देशांतली, मला कधीही न भेटलेली माणसे राबली होती. आपण कुणावर अवलंबून आहोत याची नीट यादी ठेवणे ही संगणकाची शिस्त आहे. माणसानेही ती पाळायला हरकत नाही.