ओटाव्यातील लाकडी डेकचा जीर्णोद्धार
ओटाव्यात हिवाळी पारा उणे २५ अंशांखाली उतरतो आणि उन्हाळ्यात तिशी ओलांडतो; लाकडात मुरलेले पाणी गोठून प्रसरण पावते, वितळते, पुन्हा गोठते, आणि त्या अविरत ताणाने परसातील डेकच्या फळ्या तडकतात. डागडुजीपूर्वी डेकचे वय अवश्य पाहावे. कारण कॅनडात २००३ अखेरपर्यंत घरगुती लाकडाला आर्सेनिकयुक्त द्रावण मुरवण्याचा सर्रास रिवाज होता, आणि अशा फळ्या घासल्यास विषारी भुकटी उडते. इतर फळ्यांचे वर आलेले खिळे ठोकून, त्या धुऊन, पुरत्या वाळवून, रेषांच्या दिशेने पॉलिशपेपरने घासाव्यात. टाकलेला पाण्याचा थेंब चटकन जिरला, तर लाकूड तेलरंग शोषण्यास सिद्ध झाले असे समजावे. मात्र थर पातळच द्यावा आणि फळ्यांची कापीव टोके विशेष काळजीने माखावीत, कारण पाण्याचा पहिला शिरकाव तेथूनच होतो.