नखाचा चुरा आणि सूक्ष्मदर्शक
पायाचे नख पिवळट पडून जाड झाले आणि कडेने भुसभुशीत होऊ लागले की बुरशीचा संशय आधी येतो. परंतु अशा बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी सापडते, कारण सोरायसिसने किंवा तंग बुटाच्या सततच्या दाबानेही नखाची हीच दशा होते. पायाच्या नखासाठी टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाच्या गोळ्या साधारणपणे 12 आठवडे घ्याव्या लागतात, त्यामुळे त्या केवळ अंदाजाने सुरू करणे योग्य नव्हे. नखाचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो तो यासाठी, आणि त्या तपासणीचे यश भिंगाइतकेच, किंबहुना अधिकच, नमुना घेणाऱ्या हातावर अवलंबून असते.

टोकाकडचा सुटा भुसा सहज मिळतो, पण त्यात धूळ आणि इतर जंतू मिसळलेले असतात. बुरशी बहुधा टोकाकडून नखाखाली शिरून मुळाकडे सरकते. म्हणून नख अल्कोहोलने पुसून, वरचा भुसा टाकून देऊन, रोगट भाग निरोगी भागाला जेथे भिडतो तेथवर नख कापून त्याखालचा थर खरवडावा लागतो.

हा चुरा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे, म्हणजे प्रयोगशाळेतील बोलीत ‘केओएच’चे, 20 ते 40 टक्के तीव्रतेचे द्रावण घालतात. ते नखातील केराटिन हे चिवट प्रथिन मऊ करून पारदर्शक बनवते, बुरशीची पेशीभित्तिका मात्र टिकून राहते. जाड तुकड्याला यासाठी कधी रात्रभर लागते; घाईने तापवताना द्रावण उकळले, तर स्फटिक तयार होऊन दृश्यच बिघडते.

पाहताना कंडेन्सर, म्हणजे काचपट्टीवर प्रकाश एकवटणारे भिंग, खाली घेऊन प्रकाश कमी करतात, नाहीतर रंगहीन तंतू उजेडात हरवतात. 10 पटीच्या वस्तुभिंगाखाली सगळी काचपट्टी फिरवून झाल्यावर संशयित जागा 40 पटीखाली पाहिली जाते. खरा कवकतंतू सारख्या जाडीचा, आडव्या पडद्यांनी विभागलेला आणि फांद्या फुटलेला असतो, आणि नखाच्या पेशींच्या सीमांची पर्वा न करता तो त्यांवरून पुढे जातो. नवख्याला फसवते ते पेशींच्या कडांवर दिसणारे जाळे. ते सीमा सोडून कधी जात नाही. कापसाचा धागाही असाच चकवतो.

तंतू दिसले तरी जाती कळत नाही. ट्रायकोफायटन रुब्रम की दुसरी बुरशी, हे ठरवण्यासाठी साबुरो या पोषक माध्यमावर संवर्धन करावे लागते, आणि त्याला चार आठवडेही लागू शकतात. उलट, एका काचपट्टीत काही न दिसल्याने बुरशी नाही असे सिद्ध होत नाही. संशय कायम असेल तर नव्याने नमुना घ्यावा. रुग्णाने तपासणीला येताना नेलपॉलिश काढलेले असावे आणि बुरशीवरचे कोणतेही मलम किंवा गोळ्या सुरू असल्यास ते आधीच सांगावे.