नवगावचे दोन उंचवटे

हाईम सॅम्युएल किहिमकरांनी बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचा, इतिहास १८९७ साली लिहून हातावेगळा केला. पुस्तक छापून निघालं ते १९३७ मध्ये, थेट तेल अवीवला. तोवर लेखक हयात नव्हते. समाजातल्या मुलांसाठी १८७५ साली मुंबईत शाळा काढणारा हा गृहस्थ आपल्या ज्ञातीचा उगम शोधताना अलिबागजवळच्या नवगावच्या दफनभूमीशी येऊन पोचतो. गेली कित्येक वर्षं माझंही मन तिथंच गुंतलं आहे.

या समाजाच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका तेवढ्या वाचल्या, पुढं ही मंडळी गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. बुडालेल्यांची प्रेतं नवगावला पुरली. पुरुषांचा उंचवटा वेगळा, बायकांचा वेगळा, असं सांगतात. हे घडलं कधी? किहिमकर इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचा काळ धरतात. कुणी त्याही मागं जातात, कुणी कित्येक शतकं पुढं येतात. निकाल लावणारा कागद नाही, उंचवट्यांवर अक्षर नाही. उकरून पाहण्याचा मोह अभ्यासकाला होणारच. पण मेलेल्याची विश्रांती मोडू नये, असं ज्यू धर्मशास्त्र सांगतं, आणि मला ते सोळा आणे पटतं. तारीख कळली नाही तरी चालेल.

वाचण्यासारखं आहे ते नंतरच्या थडग्यांवर. कोकणातल्या बेने इस्रायली दगडांवर हिब्रू नि मराठी शेजारी नांदतात. एक ओळ उजवीकडून वाचायची, खालची डावीकडून, आणि आडनाव पेणकर, रोहेकर नाहीतर दिवेकर. १९४८ नंतर यातली बहुतेक घरं इस्रायलला गेली. अलिबाग, रेवदंड्याची सिनेगॉग उभी आहेत. खेड्यातल्या थडग्यांना मात्र रोजचं माणूस उरलं नाही.

अशा ठिकाणी हौसेनं होणारं सुशोभीकरण मला दुर्लक्षाइतकंच घातक वाटतं. तारेचा ब्रश, ॲसिड, अक्षरांत भरलेला ऑइलपेंट यांनी दगड कायमचा बिघडतो. आधी तिरप्या उन्हात फोटो काढावेत, मजकूर जसाच्या तसा उतरवावा, मग साधं पाणी आणि मऊ ब्रश. कलंडलेला दगड सिमेंटमध्ये गाडू नये.

खरं संरक्षण मात्र सातबाऱ्यावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार सरकारी पडीक जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवता येते. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून तिचा दुसरा वापर होत नाही. खासगी किंवा समाजाच्या मालकीच्या जागेला हे कलम लागत नाही, म्हणून तिथं मोजणी आणि वापराची स्पष्ट नोंद हवीच. आणि ती लवकर हवी, कारण २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं गाडीसकट मांडव्याला उतरता येतं. किहीम-नवगावच्या पट्ट्यात बंगल्यांसाठी जमीन शोधणाऱ्यांना आता अंतर राहिलेलं नाही. ग्रामसभेनं आपल्या हद्दीतल्या प्रत्येक जुन्या दफनभूमीचा उतारा याच वर्षी काढून पाहावा, आणि नोंद नसेल तिथं तहसीलदारांकडे अर्ज करावा.