सावित्रीबाईंच्या शाळेचे शिपाईमामा

शाळा म्हटली की घंटेबरोबर शिपाईमामा आठवतातच. सावित्रीबाई फुले यांच्या शाळेलाही असे एक शिपाई होते, बळवंत सखाराम कोल्हे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोक शेण, दगड फेकू लागले. तेव्हा जोतीरावांनी त्यांच्या सोबतीला कोल्हे यांना नेमले. रोजची ती वाट ते बाईंबरोबर चालले आणि पुढे त्या दिवसांच्या आठवणी सांगून गेले. शिव्याशाप ऐकूनही बाई शांतपणे शाळेची वाट धरत, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते अशा साक्षीदारांमुळेच. दरवर्षी ३ जानेवारीला शाळाशाळांतून बाईंच्या तसबिरीला हार घातला जातो. त्या वेळी मुलांना या शिपाईमामांचेही नाव सांगायला हवे.